शाकाहारी घरातील एक ठिपका

जालन्याहून मंठ्याकडे येणाऱ्या एसटीत बहुधा एखादा तरी प्रवासी असा असतो, ज्याच्या मांडीवर मोठा चौकोनी लिफाफा असतो. त्यात सीटी स्कॅनची नाही तर एमआरआयची फिल्म असते. लिफाफा दुमडू नये म्हणून तो माणूस साठ-पासष्ट किलोमीटर अंग आखडून बसतो. गावात आल्यावर फिल्म दुकानाच्या गादीवर उघडली जाते, उजेडाकडे धरली जाते, आणि ज्याला त्यातले काहीही कळत नाही तोसुद्धा त्यावर मत देतो. व्यापारी माणसाला कागद वाचायची सवय असते. बिल, पावती, बिल्टी, बँकेचा उतारा हे सारे त्याला वाचता येते, म्हणून फिल्मही वाचता येईल असे त्याला वाटते. मेंदूच्या फिल्मवरील पांढरा ठिपका मात्र असा कागद आहे की तो वाचण्यात भल्याभल्या डॉक्टरांचीही अनेक वर्षे फसगत झाली होती.

मंठ्यातील एका जैन कुटुंबात काही वर्षांपूर्वी असा लिफाफा आला. घरचा व्यवसाय बी-बियाणे आणि खतांचा. दोन भाऊ एकत्र, वर आजी, आणि थोरल्याची एकवीस वर्षांची मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. घरात सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, कंदमुळे येत नाहीत, चातुर्मासात पालेभाजी बंद असते आणि पाणी गाळल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही. या मुलीचा उजवा हात एका पहाटे आपोआप उडू लागला, मान फिरली आणि पुढची दीड-दोन मिनिटे सर्वांगाला झटके आले. शेजारच्यांनी चप्पल हुंगवली, कोणी दातांत चमचा घातला. दोन्ही गोष्टी करू नयेत, हे त्या वेळी तेथे कोणालाच ठाऊक नव्हते.

जालन्यात सीटी स्कॅन झाले. अहवालात डाव्या बाजूला मेंदूच्या पृष्ठभागाजवळ सुमारे अकरा मिलिमीटरची, कड्यासारखी उजळणारी एक गाठ आणि तिच्या भोवती सूज, असे लिहिले होते. पुढच्या दोन दिवसांत या गाठीला गावात तीन नावे मिळाली. एक नातेवाईक म्हणाले, कॅन्सर. ओळखीच्या एका औषध विक्रेत्यांनी सांगितले, मेंदूचा क्षयरोग. तिसरे नाव संभाजीनगरच्या न्यूरॉलॉजिस्टांनी एमआरआय पाहून सांगितले, आणि तेच घराला सर्वांत जड गेले. ती गाठ म्हणजे पट्टकृमीची अळी होती. डुकराच्या मांसाशी ज्याचे नाव जोडले जाते, तोच हा कृमी.

"डॉक्टरसाहेब, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही," मुलीचे वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात भीतीपेक्षा अपमान अधिक होता. अहवालातील तो शब्द बदलून देता येईल का, अशी विचारणाही त्यांनी केली. डॉक्टरांनी ती शांतपणे नाकारली आणि म्हणाले, "शेठजी, हा किडा तुमच्या ताटातून आलेला नाही. तो दुसऱ्याच्या हातावरून किंवा भाजीवरून आला आहे. मांस खाणाऱ्याच्या मेंदूत तो जितका जाऊ शकतो, तितकाच न खाणाऱ्याच्याही."

हे वाक्य नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण या आजाराविषयीचा सारा गैरसमज त्यातच दडलेला आहे.

या कृमीचे शास्त्रीय नाव टीनिया सोलियम. तो पूर्ण वाढल्यावर काही मीटर लांब होतो आणि माणसाच्या आतड्यात राहतो. तो आतड्यात येतो तो अळ्या असलेले डुकराचे मांस कच्चे किंवा अर्धवट शिजवून खाल्ल्याने. इथपर्यंतचा भाग लोकांना ऐकून माहीत असतो. पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. आतड्यातील कृमीचे पिकलेले तुकडे त्या माणसाच्या शौचावाटे बाहेर पडतात आणि अशा एकेका तुकड्यात सुमारे पन्नास हजारांपर्यंत अंडी असू शकतात. ज्याच्या पोटात कृमी आहे त्याला पुष्कळदा काहीच त्रास नसतो. तो धडधाकट असतो आणि कामावर जात असतो. उघड्यावरील मैला डुकराने खाल्ला की ती अंडी त्याच्या पोटात फुटतात आणि अळ्या त्याच्या मांसात जाऊन बसतात. निसर्गाचा नेहमीचा फेरा एवढाच. परंतु तीच अंडी मैलापाण्यावर पिकलेल्या भाजीतून, शौचानंतर हात न धुतलेल्या माणसाच्या हातून किंवा दूषित पाण्यातून माणसाच्या तोंडात गेली, तर डुकराच्या जागी माणूस येतो. अंड्यातून निघालेली सूक्ष्म अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि स्नायूंत, डोळ्यात किंवा मेंदूत जाऊन पाण्याच्या थेंबासारखी पिशवी करून बसते. मेंदूतील या अवस्थेला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात.

थोडक्यात, मांस खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी होतो. मेंदूतील गाठ मात्र अंडी पोटात गेलेल्या कोणालाही होऊ शकते. डुकराचे मांस कधीही न खाल्लेल्या माणसाला पोटात हा कृमी होत नाही, पण मेंदूत गाठ होण्यापासून त्याचा आहार त्याला वाचवू शकत नाही. भारतातील रुग्णांत तर ज्यांनी हे मांस कधी तोंडात घातले नाही, त्यांचीच संख्या मोठी आहे.

या बाबतीत अमेरिकेतील एक प्रसंग वैद्यकाच्या पुस्तकांत गेला आहे, आणि मंठ्याच्या त्या कुटुंबालाही डॉक्टरांनी तोच सांगितला. न्यूयॉर्क शहरात सनातनी ज्यू लोकांची मोठी वस्ती आहे. डुकराचे मांस त्यांच्या धर्मात निषिद्ध आणि स्वयंपाकघराचे नियम आपल्या सोवळ्यालाही मागे टाकतील असे. अशा समाजातील चौघांच्या मेंदूत, एकमेकांशी नाते नसताना, या अळीच्या गाठी सापडल्या. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्याची हकीकत प्रसिद्ध झाली. शोध घेतल्यावर असे दिसले की या घरांत लॅटिन अमेरिकेतून नुकत्याच आलेल्या बायका घरकामाला होत्या, आणि त्यांपैकी एकीच्या पोटात कृमी आढळला. ज्या घराने ते मांस उंबऱ्याच्या आत येऊ दिले नव्हते, त्या घरात त्याची अंडी आली ती जेवण वाढणाऱ्या हातांवरून.

ही हकीकत ऐकताच मंठ्याच्या घरातील सर्वांच्या मनात एकच चेहरा उभा राहिला. घरी चौदा वर्षे धुणीभांडी आणि भाजी निवडण्याचे काम करणाऱ्या मावशींचा. धाकट्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी त्यांना कामावरून कमी करण्याचा विषय काढला. डॉक्टरांनी या घाईला वेळीच आवर घातला, हे त्यांचे उपकारच म्हणायचे. ते म्हणाले, तपासणी करायची तर सगळ्यांची करा. मुलगी दोन वर्षे वसतिगृहात राहिली आहे, तिथे मेसमध्ये जेवली आहे, लग्नकार्यांत जेवली आहे, कॉलेजच्या फाटकावर पाणीपुरी खाल्ली आहे. अंडी पोटात जाणे आणि पहिला झटका येणे यांत कित्येक वर्षांचे अंतर असू शकते. अमुक दिवशी अमक्याच्या हातचे खाल्ले म्हणून झाले, असे सांगणारा हिशेब कोणाच्याच वहीत नसतो.

मावशींना हे सारे कानावर आलेच. त्यांनी मुलीच्या आईला स्वयंपाकघराच्या दारात गाठून विचारले, "वहिनी, माझ्यामुळं झालं का हो पोरीला?" आईंना उत्तर देता आले नाही. मग मालकापासून दुकानातील हमालापर्यंत, आजींसकट, सगळ्यांची शौचाची तपासणी झाली. कोणाकडेही काही सापडले नाही. एका तपासणीत अंडी दिसतीलच असे नसते, म्हणून डॉक्टरांनी ती पुन्हा करवून घेतली. तेव्हाही काही निघाले नाही. उगम शेवटपर्यंत सापडला नाही, आणि बहुतेक घरांत तो असाच सापडत नाही. मावशी कामावर राहिल्या. आतड्यात कृमी सापडला असता तरी तो डॉक्टरांच्या एका मात्रेने जातो. माणसाला घालवून द्यावे लागत नाही.

आता त्या ठिपक्याच्या वाचनाविषयी.

जिवंत माणसाच्या मेंदूतील असा ठिपका पाहता येऊ लागला त्याला अजून साठ वर्षेही झालेली नाहीत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले; १९७९ साली त्यांना आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी हा आजार ओळखण्याचा मार्ग मोठा आडवळणाचा होता. इंग्रजी अमलात भारतात नोकरी करून मायदेशी परतलेल्या गोऱ्या सैनिकांना काही वर्षांनी फेफरे येऊ लागे. त्यांच्या मांडीच्या एक्स-रेमध्ये तांदळाच्या दाण्यांसारखे चुन्याचे कण दिसत. त्या मेलेल्या, चुना झालेल्या अळ्या होत्या. डिक्सन आणि लिप्सकोम्ब या दोघांनी अशा ४५० रुग्णांचा अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेकांनी भारतात चाकरी केलेली होती. साम्राज्याच्या जमाखर्चात ही बाब कोणी धरली नसेल.

भारतात सीटी स्कॅन आल्यावर डॉक्टरांना एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. झटका आलेल्या तरुण, एरवी निरोगी रुग्णांच्या मेंदूत एकच लहानसा उजळ ठिपका दिसे. आपल्या देशात क्षयरोग घरोघरी. साहजिकच अनेक ठिकाणी तो क्षयाची गाठ समजून महिनोन्‌महिने क्षयरोगाची औषधे दिली जात. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन केले की ठिपका गेलेला असे, आणि औषध लागू पडले असे सर्वांना वाटे. पण ज्यांनी ती औषधे घेतली नव्हती, त्यांचेही ठिपके जात होते. या कोड्याची उकल वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली. मॅथ्यू चंडी, वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस अशा गाठी शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. आत क्षयाचे जंतू नव्हते. मरणपंथाला लागलेली अळी होती. पुढे १९९३ साली त्यांनी क्षयाची गाठ आणि ही गाठ वेगळी ओळखण्याचे निकष मांडले. अळीची गाठ साधारणपणे २० मिलिमीटरच्या आत असते, तिच्यामुळे मेंदू एका बाजूला ढकललेला दिसत नाही, रुग्णाचा अशक्तपणा दिवसेंदिवस वाढत जात नाही आणि अंगात इतरत्र क्षय नसतो. या निकषांमुळे किती जणांची कवटी उघडण्याची वेळ टळली असेल, किती घरांत क्षयाची औषधे विनाकारण गेली नसतील! देशातल्याच एका रुग्णालयाने लावलेला हा शोध आज जगभर वापरला जातो. आपल्याकडे त्याचे फारसे कोणाला नावही माहीत नाही.

एमआरआयवर ही गाठ कधी कधी स्वतःची ओळख स्वतःच देते. गोल पिशवीच्या आत एक बारीक ठिपका दिसतो, तो अळीचा डोक्याचा भाग. मंठ्याच्या मुलीच्या फिल्ममध्ये तो होता. डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने तो दाखवला, तेव्हा वडिलांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला. रक्ताची चाचणीही असते, पण गाठ एकच असली तर ती पुष्कळदा नकारात्मक येते. चाचणीत काही निघाले नाही म्हणून निदान चुकले असे होत नाही.

सर्वांत विलक्षण बाब पुढेच आहे. जिवंत अळी मेंदूत वर्षानुवर्षे बसलेली असते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांपासून स्वतःला लपवण्याची विद्या तिला अवगत असते. ती म्हातारी होऊन मरू लागली की पिशवीतील द्रव पाझरतो, शरीराला परक्याची चाहूल लागते, सूज येते, आणि तेव्हा पहिला झटका येतो. फिल्मवर कड्यासारखी जी उजळ रेघ दिसते, ती या झुंजीची खूण. शेवटी गाठ विरून जाते किंवा चुन्याचा कण होऊन राहते.

आजींचा प्रश्न याच ठिकाणी आला. औषधाच्या चिठ्ठीवर कृमीनाशक गोळी आहे हे कळल्यावर त्यांनी विचारले, "म्हणजे जीव मारायचंच औषध ना ते?" खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. डॉक्टर जैन नव्हते, पण प्रश्न त्यांनी हसण्यावारी नेला नाही. ते म्हणाले, "आजी, तो जीव आधीच मरायला लागला आहे, म्हणून तर झटका आला. गोळीनं ते लवकर आटोपतं. खरं औषध झटका थांबवण्याचं आहे, ते मात्र चुकवायचं नाही." आजींनी मान हलवली. त्या संध्याकाळी त्या प्रतिक्रमणाला नेहमीपेक्षा बराच वेळ बसल्या होत्या, असे घरचे सांगतात.

कृमीनाशक गोळी म्हणजे अल्बेंडाझोल. शाळांतून जंतांसाठी हीच गोळी वाटली जाते, त्यामुळे ती निरुपद्रवी आहे असा समज झाला आहे. मेंदूत गाठ असताना ती डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत आणि बहुधा सूज आवरणाऱ्या स्टेरॉइडच्या सोबतीनेच द्यायची असते. डोळ्यात अळी असेल तर तिच्यामुळे दृष्टीवर बेतू शकते, म्हणून आधी डोळे तपासतात. आणि मेंदूत गाठी शेकड्यांनी असतील, तर एकाच वेळी इतक्या अळ्या मेल्याने सूज अशी भडकते की रुग्ण दगावू शकतो. २०१९ साली फरिदाबादच्या ईएसआयसी रुग्णालयातील डॉक्टरांनी एका अठरा वर्षांच्या तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या मेंदूभर अळ्या होत्या, डोळ्यातही होत्या. इतक्या अवस्थेत कृमीनाशक देणे अधिक घातक ठरेल म्हणून डॉक्टरांनी ते दिलेच नाही. सूज आणि झटके यांवर उपचार केले. दोन आठवड्यांनी तो गेला. त्याच्या मेंदूची फिल्म त्यानंतर जगभर फिरली. ती पाहून मंठ्यातही काही जणांनी स्वतःहून जंताच्या गोळ्या आणून घरात सर्वांना दिल्याचे सांगतात. त्या फिल्मचा अर्थ नेमका उलटा होता.

कोबीचेही असेच झाले आहे. कोबीतील हिरवी अळी मेंदूत जाते, ही समजूत इतकी पक्की आहे की त्या घराने सर्वांत आधी कोबी बंद केला. कोबीत दिसणारी ती अळी पतंगाची. तिचा या आजाराशी काही संबंध नाही. ज्या अंड्यांची भीती बाळगायची, ती डोळ्यांना दिसतच नाहीत. मैलापाणी ज्या मळ्याला मिळते, तिथली कोथिंबीर, पालक, मुळ्याचा पाला, काकडी, टोमॅटो, जे जे कच्चे खाल्ले जाते, त्या सर्वांवर ती असू शकतात. हिरव्या चटणीची कोथिंबीर आपण किती वेळा नीट धुतो, हे ज्याचे त्याने पाहावे. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने ही अंडी मरतात असे समजू नये. वाहत्या पाण्याखाली पानन्‌पान चोळून धुतले की ती निघून जातात, आणि शिजवले की मरतात. पाण्याचेही तसेच. एकपदरी फडक्यातून गाळलेल्या पाण्यात ती राहू शकतात. उकळलेल्या पाण्यात राहत नाहीत. साधुसाध्वी जे उकळलेले पाणी घेतात ते या बाबतीत पूर्ण निर्धोक, हे ऐकून आजींना समाधान वाटले. पण बाहेर, लग्नाच्या मांडवात वाढपी हात धुऊन आला आहे की नाही, हे कोणते गाळणे पाहणार?

गोळ्या सुरू झाल्या आणि मुलगी बरी दिसू लागली. येथून पुढे मात्र आजारापेक्षा आजार लपवण्याने अधिक नुकसान केले.

घरात ठरले की झाल्या गोष्टीची वाच्यता करायची नाही. फाईल कपाटाच्या मागच्या कप्प्यात गेली. नातेवाइकांना चक्कर आली होती एवढेच सांगितले. तीन महिन्यांनी परभणीकडील एका चांगल्या घरातून स्थळ आले. पाहण्याच्या कार्यक्रमासाठी मुलगी चार दिवस मावशीकडे राहणार होती, आणि पर्समध्ये गोळ्या दिसल्या तर प्रश्न येतील म्हणून त्या घरीच ठेवल्या गेल्या. झटक्याची औषधे एकदम बंद केली की झटका उसळून येतो. तो आला, पाहुण्यांच्या समोर नाही तरी त्याच दिवशी पहाटे, न्हाणीघरात. कपाळाला सहा टाके पडले. स्थळ मोडले. ते आजारामुळे मोडले नाही; "तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?" या प्रश्नाला घराकडे उत्तर नव्हते म्हणून मोडले.

या विषयाला कायद्याचाही एक इतिहास आहे, आणि तो व्यापारी घरांनी जाणून घेतलेला बरा. हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे. १९७६ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि वारंवार येणारे फेफरे ही विवाहाच्या आड येणारी बाब ठरवण्यात आली. तिला वेडेपणाच्या शेजारी बसवले गेले. तेवीस वर्षे ती तेथे होती. १९९९ च्या दुरुस्तीने 'फेफरे' हा शब्द त्या कलमातून काढून टाकला. आज फेफऱ्याच्या आजारामुळे कोणाचेही लग्न बेकायदा ठरत नाही. मात्र महत्त्वाची गोष्ट दडवून संमती मिळवली, तर त्याच कायद्याखाली फसवणुकीचा मुद्दा उपस्थित होऊ शकतो. म्हणजे आजार सांगून झालेले लग्न पक्के, आणि लपवून झालेले लग्न संशयाचे. व्यवहारात आपण हे रोज पाहतो. बोजा दाखवून विकलेल्या जमिनीचा सौदा टिकतो. बोजा लपवलेला सौदा कधी तरी कोर्टात जातो.

कायद्यापेक्षाही मोठे कारण वैद्यकाचे आहे. झटक्यावरील काही औषधे पोटातील बाळाला घातक ठरू शकतात, विशेषतः व्हॅल्प्रोएट. आधी बोलले तर डॉक्टर औषध बदलून देतात, मात्रा ठरवतात, फॉलिक आम्ल सुरू करतात. आजार सासरी लपलेला असेल, तर सून एक तर गोळ्या चोरून घेते किंवा सोडून देते. दोन्हींत धोका तिच्याच जिवाला आणि बाळाला. मुलाचा असाच आजार सांगताना घरे जितकी मोकळी असतात, तितकी मुलीच्या बाबतीत नसतात, ही आपल्या समाजातील उघड गोष्ट आहे.

झटका आला तर काय करायचे, हे आता त्या घरातील सर्वांना पाठ आहे. रुग्णाला कुशीवर वळवायचे, आसपासच्या टोकदार वस्तू दूर करायच्या, मानेभोवतीचे कपडे सैल करायचे, तोंडात काहीही घालायचे नाही, पाणी पाजायचे नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत आणि घड्याळाकडे पाहायचे. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट रुग्णालय. चप्पल आणि कांद्याने झटका थांबत नाही. तो आपल्या वेळेने थांबतो आणि श्रेय चपलेला मिळते.

दुसऱ्या झटक्यानंतर वडिलांनी फाईल मागच्या कप्प्यातून काढून दुकानातील तिजोरीशेजारच्या फळीवर ठेवली. मुलीने स्वतःच आग्रह धरला की पुढच्या स्थळाला आधी फाईल दाखवायची, मगच पोहे. दोन ठिकाणांहून नंतर उत्तर आले नाही. तिसऱ्या ठिकाणी मुलाच्या वडिलांनी फाईल घरी नेली, हैदराबादच्या आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवली आणि आठ दिवसांनी परत आणून दिली. "आणखी काही दिवस विचार करतो," असे ते म्हणाले.

सहा महिन्यांनी झालेल्या स्कॅनमध्ये सूज ओसरली होती, कडे गेले होते आणि त्या जागी मोहरीएवढा पांढरा कण उरला होता. गाठ विरून गेली असती तर गोळ्या लवकर थांबल्या असत्या; चुना झाला की झटका पुन्हा येण्याची शक्यता उरते, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवल्या. मुलगी आता दुकानाचे जीएसटीचे काम पाहते. सकाळी आठ आणि संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी, अशा गोळ्यांच्या वेळा चौविहाराला धरून डॉक्टरांनी लावून दिल्या आहेत. हिवाळ्यात दिवस लहान होतो तेव्हा दुसरी वेळ अर्ध्या-पाऊण तासाने अलीकडे येते, तेवढा बदल चालतो का, हे तिने स्वतः फोन करून विचारून घेतले.